दोन जंगलांच्या मधली जमीन

2019 च्या जून महिन्यात, पावसाच्या तोंडावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी काही महिन्यांपूर्वीच त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती, त्यामुळे तो कुठे जातो ते उपग्रहाच्या मदतीने कळत होतं. कागदोपत्री त्याचं नाव टी-1-सी-1, म्हणजे टी-1 या वाघिणीचं पहिलं पिल्लू. पुढच्या काही महिन्यांत हा वाघ यवतमाळ, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून, मध्येच तेलंगणातल्या आदिलाबादकडे वळून, जवळपास 3,000 किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. 2020 च्या एप्रिलमध्ये त्याची कॉलर काढण्यात आली. त्यानंतर 2021 मध्ये तो आणखी पश्चिमेला, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात दिसला.

दिवसा दडून राहायचं आणि रात्री चालायचं, असा त्याचा क्रम होता. पोटासाठी त्याने वाटेत जनावरं मारली, पण माणसावर टपून बसल्याची नोंद नाही. हिंगोली जिल्ह्यात तो ज्या झुडपात विसावला होता तिथेच काही माणसं जाऊन पोचली, तेव्हा एक जण जखमी झाला. जिथे पावलोपावली गावं, कपाशीची आणि सोयाबीनची शेतं, डांबरी रस्ते आणि विजेचे खांब आहेत, अशा मुलखातून महिनोन् महिने चालताना एवढंच घडलं, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

या प्रवासातली बहुतेक जमीन कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात नाही. ती कुणाची शेती आहे, कुठे गावाचं गायरान आहे, कुठे नाल्याकाठचं बाभुळबन आहे, कुठे वनविकास महामंडळाची सागाची लागवड आहे. पर्यटकांची जिप्सी तिथे जात नाही, दूरदर्शनवरच्या माहितीपटात ती दिसत नाही. तरीही वाघाचं भवितव्य बऱ्याच अंशी या जमिनीवर ठरणार आहे. वाघ वाचवायचा तर जंगल वाचवा, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच खरं आहे. जंगलं वाचली आणि त्यांच्यामधल्या वाटा बुजल्या, तर वाघ हळूहळू त्या जंगलांतच कोंडून संपेल. हे प्रकरण त्या वाटांबद्दल आहे.

घर सोडण्याचं वय

वाघीण साधारण साडेतीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर पिल्लांना जन्म देते. बहुतेक वेळा दोन ते चार पिल्लं असतात. पहिले काही आठवडे ती त्यांना दाट झुडपात किंवा खडकांच्या आडोशाला लपवून ठेवते. पुढे पिल्लं तिच्या मागोमाग चालायला लागतात, तिने केलेल्या शिकारीवर जगतात, आणि वर्ष-दीड वर्षाची झाली की स्वतः हात मारून बघायला लागतात. दोन वर्षांच्या आसपास आई पुन्हा माजावर येते. मग मोठ्या झालेल्या पिल्लांना तिच्या क्षेत्रात जागा उरत नाही.

इथे लेकीची आणि लेकाची वाट वेगळी होते. लेक बहुधा आईच्या शेजारीच बस्तान बसवते, कधी कधी आईच तिला स्वतःच्या क्षेत्राचा एक तुकडा सोडून देते. लेकाला मात्र जावंच लागतं. त्या भागावर ताबा असलेला मोठा नर त्याला फार काळ सहन करत नाही, आणि लढाईत कोवळ्या वाघाचा निभाव लागत नाही. निसर्गाच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. भाऊ दूर गेला म्हणजे बहिणीशी संबंध येत नाही आणि एका जंगलाचं रक्त दुसऱ्या जंगलात पोचतं.

जागेची ही ओढाताण समजून घ्यायची तर वाघाच्या पोटाचा हिशोब पाहावा लागतो. कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्लास कारंत यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून एक साधं गणित पुढे आलं. एका वाघाला वर्षाला चितळ-सांबरासारखी सुमारे 50 जनावरं लागतात. कळपांची संख्या घटू नये असं वाटत असेल, तर वर्षाकाठी त्यांतला दहावा हिस्साच वाघाने उचलावा. म्हणजे एका वाघामागे त्या जंगलात चितळ, सांबर, रानडुक्कर, नीलगाय, रानगवा अशी सुमारे 500 जनावरं हवीत. त्यांना गवत हवं, पानोळा हवा, उन्हाळ्यात पाणी हवं. त्यामुळे वाघांची संख्या कितीही वाढावी असं आपल्याला वाटलं, तरी जंगलाच्या मापाबाहेर ती जाऊ शकत नाही. जास्तीचे वाघ बाहेर पडतात. जंगल नांदतं असल्याचीच ती खूण आहे.

आकडे वाढले, जमीन तेवढीच राहिली

पन्नास वर्षांपूर्वी चिंता वेगळी होती. 1972 च्या देशव्यापी गणतीत, पाऊलठशांच्या आधारे, 1,827 वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या नऊ प्रकल्पांत महाराष्ट्रातलं मेळघाट होतं. कैलास सांखला हे या योजनेचे पहिले संचालक. गाभा क्षेत्रात माणसाचा वावर जवळजवळ शून्यावर आणायचा आणि भोवतीने बफर ठेवायचं, ही त्या काळात घातलेली घडी आजही कायम आहे.

मध्ये एक मोठा धक्का बसला. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे 2005 च्या सुमारास उघड झालं. चोरट्या शिकाऱ्यांनी जंगल रिकामं केलं होतं आणि कागदावर वाघ होते. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभं राहिलं आणि मोजण्याची पद्धतच बदलली. पाऊलठशांऐवजी पाणवठ्यांवर आणि जंगलातल्या वाटांवर कॅमेरे बसवायला सुरुवात झाली. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून वाघ ओळखता येतो. या पद्धतीने 2006 मध्ये देशात 1,411 वाघ असल्याचा अंदाज निघाला. 2022 मध्ये तो 3,682 वर गेला. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर 2006 मध्ये 103 आणि 2022 मध्ये 444. पहाटे चारला उठून बीटवर जाणाऱ्या वनरक्षकांचं, हंगामी मजुरांचं आणि गाव सोडून दुसरीकडे नवं घर बांधणाऱ्या कुटुंबांचं हे यश आहे. त्याचा अभिमान बाळगायलाच हवा.

पण वाघ वाढले त्या मानाने जमीन वाढली नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र 625 चौरस किलोमीटरचं. वर्धा जिल्ह्यातला बोर व्याघ्र प्रकल्प तर देशातल्या अगदी छोट्या प्रकल्पांपैकी एक, 138 चौरस किलोमीटर गाभ्याचा. टिपेश्वर 148 चौरस किलोमीटरचं. अशा जंगलात चार वाघिणी व्यायला लागल्या की दोन वर्षांत तरुण नर उंबरठ्यावर उभे राहतात. चंद्रपूर जिल्ह्यात आज ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या भागांत इतके वाघ आहेत की त्यांना पाहुणे म्हणता येणार नाही. वाघिणी तिथेच पिल्लं देतात. 2018 च्या गणनेत देशातले सुमारे एक तृतीयांश वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीबाहेर आढळले होते. ही हद्द माणसाने आखली आहे, वाघाला ती ठाऊक नाही.

रक्त मिसळलं नाही तर

वाटा बंद झाल्या तर काय होतं, याचं उत्तर ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात दिसतं. तिथे काळे वाघ आहेत. त्यांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की पिवळा रंग जेमतेम डोकावतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या डॉ. उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये याचं कारण शोधून काढलं. एका जनुकात झालेला बदल आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर पिल्लू असं काळं होतं. मोठ्या, मिसळत्या वाघसमूहात ही गोष्ट क्वचितच घडेल. सिमिलीपालमध्ये मात्र जवळपास तिसरा हिस्सा वाघ काळे निघाले, कारण तिथले वाघ बाहेरच्या वाघांपासून तुटले आहेत आणि पिढ्यान् पिढ्या आपसांतच प्रजनन करत आले आहेत. काळा रंग दिसायला देखणा आहे. पण ज्या कारणाने रंग आला त्याच कारणाने रोगाशी झुंजण्याची ताकद घटू शकते आणि प्रजननाच्या अडचणी येऊ शकतात, आणि हे दोष रंगासारखे डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेण्यात आल्या. झीनतला सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती तिथून निघाली आणि झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया, बांकुडा भागात पोचली. डिसेंबरच्या अखेरीस तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. असाच प्रसंग मध्य प्रदेशात पन्नामध्ये घडला होता. तिथले सगळे वाघ संपल्यावर 2009 मध्ये पेंचहून एक नर आणला, तर तो सोडल्याबरोबर दक्षिणेकडे, आपल्या पेंचच्या दिशेने चालू लागला. शेकडो किलोमीटर गेल्यावर त्याला पकडून परत आणलं, तेव्हा कुठे तो रमला. पुढे त्याच नरापासून पन्ना पुन्हा वाघांनी भरलं. वाघाला पिंजऱ्यात घालून नेता येतं, आणि अगदीच नाइलाज झाला तर तसं करावंही लागतं. पण त्यासाठी हत्ती, डॉक्टर, डझनावारी माणसं आणि महिने लागतात. वाट मोकळी असेल तर तेच काम एक तरुण वाघ रात्री चालून, फुकटात करतो.

मध्य भारताचं भाग्य असं की इथल्या वाटा अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कान्हा, पेंच, सातपुडा, मेळघाट, नागझिरा, ताडोबा अशा जंगलांतली वाघांची विष्ठा गोळा करून तिच्यातला डीएनए तपासला गेला. या जंगलांतले वाघ एकमेकांशी नात्याने जोडलेले आहेत, हे त्यातून दिसलं. विदर्भात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात हिंडणाऱ्या वाघांचं हे एकच मोठं कुटुंब आहे, फक्त त्याची घरं लांबलांब आहेत. एवढं मोठं आणि एवढं जोडलेलं कुटुंब जगात थोड्याच ठिकाणी उरलं आहे. आपण ते सांभाळलं तर पुढच्या शंभर वर्षांच्या वाघांची तजवीज होते.

वाट कुठे तुटते

वाट एका दिवसात तुटत नाही. रस्ता रुंद होतो, मग त्यालगत ढाबा येतो, मग कुंपण येतं, मग खाण. प्रत्येक कामाला वेगळी परवानगी मिळते आणि प्रत्येक वेळी नुकसान थोडंसंच दिसतं. सगळी मिळून वाट बंद होते.

विदर्भातली काही ठिकाणं पाहू. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा पवनी-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातून जातो. शेतीला पाणी हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तीव्र उताराच्या सिमेंटच्या काठांमुळे कालव्यात पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही, आणि उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नागझिरा यांच्यामधली ये-जा नेमकी याच भागातून होते. कालव्यावर ठरावीक अंतराने झाडोरा असलेले रुंद पूल बांधले तर शेती आणि वाघ दोघांचं भागतं. चांदा फोर्ट ते गोंदिया हा रेल्वेमार्ग जंगलातून जातो. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जुनोन्याच्या जंगलात याच मार्गावर रेल्वेखाली सापडून वाघिणीचे तीन बछडे मेले. अकोला-खांडवा या जुन्या मीटरगेज मार्गाचं रुंदीकरण मेळघाटच्या पोटातून करायचं की तो बाहेरून वळवायचा, यावर कित्येक वर्षं खल चालला. जंगलाबाहेरून वळवलेला मार्ग जास्त गावांना जोडतो, हा मुद्दा पर्यावरणवाद्यांइतकाच तिथल्या प्रवाशांच्याही हिताचा होता. चंद्रपूर तर कोळशावर बसलेला जिल्हा. तिथल्या खाणींची आणि त्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांची रांग ताडोबाच्या दक्षिणेकडच्या वाटेवर उभी आहे, आणि याच वाटेने वाघ तेलंगणातल्या कवल व्याघ्र प्रकल्पाकडे उतरतात.

पूर्व विदर्भात 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. महसूल खात्याच्या दप्तरात ही नोंद कित्येक दशकं पडून होती. पळस, बोर, करवंदाची झुडपं, खडकाळ माळ, शेजारी एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव, असं तिचं रूप. बघणाऱ्याला ती पडीक वाटते. पण शेतांच्या मधोमध विखुरलेले हे तुकडेच वाघाच्या प्रवासात दिवसा दडायच्या जागा असतात. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानलं पाहिजे असा निकाल दिला, आणि जुन्या काळापासून त्यावर वसलेल्या लोकांच्या प्रश्नाचीही दखल घेतली. वाटांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे. आता प्रत्येक तालुक्यात हे तुकडे नकाशावर नेमके उतरवणं आणि त्यांना एकमेकांशी जोडून पाहणं हे काम बाकी आहे.

हीच गोष्ट सह्याद्रीत. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल दाट आणि पाऊस भरपूर, पण वाघ मोजकेच. तिथे नैसर्गिकपणे वाघ यायचे ते दक्षिणेकडून, कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाकडून, गोव्यातल्या म्हादई, आपल्या तिळारी आणि राधानगरीच्या डोंगरांतून. ही साखळी जिथे अरुंद होते तिथे एक घाव पुरतो. 2020 च्या सुरुवातीला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली. वाघाने गुरं मारली म्हणून कुणी तरी मेलेल्या जनावरावर विष घातलं होतं. एका कुटुंबाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर होत नाही, तेव्हा सगळ्या पश्चिम घाटाला त्याची किंमत मोजावी लागते.

महामार्गाखालून

तुटलेली वाट पुन्हा सांधता येते का? येते, आणि त्याचा पुरावा नागपूरहून जबलपूरला जाताना पाहायला मिळतो. आता राष्ट्रीय महामार्ग 44 म्हणून ओळखला जाणारा रस्ता मनसर ते खवासा या टप्प्यात पेंचच्या जंगलाला कापत जातो. तो चौपदरी करायचं ठरलं तेव्हा कान्हा, पेंच आणि नागझिरा यांच्यातली ये-जा बंद होईल म्हणून वन्यजीवप्रेमींनी आवाज उठवला. प्रकरण न्यायालयात गेलं. भारतीय वन्यजीव संस्थेने जनावरांच्या वाटा कुठून जातात ते तपासलं. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत जमिनीपासून उंच उचललेल्या रस्त्याखाली नऊ ठिकाणी मोकळ्या जागा ठेवायचं ठरलं. त्यांतल्या काही 50 मीटरच्या आहेत, तर सगळ्यांत लांब 750 मीटरची आहे. वरून ट्रकांची वर्दळ, खाली झाडं, गवत, नाल्याचं पाणी.

असल्या पुलाखालून वाघ जाईल का, अशी शंका बऱ्याच जणांना होती. 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर असे दहा महिने संस्थेने तिथे कॅमेरे लावले. चितळ, नीलगाय, रानडुक्कर, रानगवा, कोळसून, बिबट्या अशा 18 जातींच्या वन्यप्राण्यांची नोंद झाली. त्यात दहा वेगवेगळे वाघ होते, आणि ते मिळून 89 वेळा खालून गेले. म्हणजे ही वाट त्यांनी आपलीशी केली होती.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, रस्ता आणि वाघ यांच्यात एकाचाच बळी द्यावा लागतो, हे खरं नाही. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे. पुलाची जागा कागदावर सोयीची आहे म्हणून नव्हे, तर जनावरं जिथून पूर्वीपासून जात होती तिथे ठेवली, म्हणून हे यश आलं. त्यासाठी आधी जमिनीवर अभ्यास करावा लागतो, आणि तो प्रकल्पाचा आराखडा मंजूर होण्यापूर्वी व्हावा लागतो. महामार्ग बांधून झाल्यावर पूल वाढवायचं म्हटलं तर खर्च कित्येक पट होतो आणि तोवर वाघांची एक पिढी वाट विसरून जाते.

वाटेवरची माणसं

आता या विषयातली सगळ्यांत अवघड गोष्ट. वाघाची वाट ज्या जमिनीतून जाते तिथे माणसं राहतात, आणि त्यांतली बरीच गरीब आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला घरातल्या बायामाणसांना भल्या पहाटे जंगलात जावं लागतं, कारण उन्हं चढायच्या आत पानं घरी आणून पुडके बांधायचे असतात. तीच वेळ वाघाच्या हालचालीची. वाकून फुलं वेचणारं माणूस झुडपाआडून वाघाला माणसासारखं दिसत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. त्या गावांत जाऊन वाघ हा आपला राष्ट्रीय प्राणी आहे असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे.

मृत्यूनंतर कुटुंबाला राज्य सरकार आता 25 लाख रुपये देतं. ती गरजेची मदत आहे. पण तिच्यापेक्षा मोठं काम मृत्यू होऊच नये यासाठीचं आहे, आणि ते कसं करायचं हे आता बऱ्याच अंशी कळलं आहे. वाघ जवळ आहे हे सांगणारी, गर्दी आवरणारी, गुराख्यांना दुसऱ्या बाजूने नेणारी गावातल्याच तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं ताडोबाभोवती काम करतात. जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या घरांना गॅस मिळाला, तेवढी सरपणाची एक खेप टळली. शेताभोवती सौर कुंपण लागलं, तेवढे रात्रीचे राखणीचे फेरे कमी झाले. ही कामं दिखाऊ नाहीत, पण प्रत्येक कामामुळे माणूस आणि वाघ एकमेकांसमोर येण्याचे प्रसंग घटतात.

सौर कुंपणाची गोष्ट वाघासाठीही जीवनमरणाची आहे. रानडुकरांनी धानाचा फडशा पाडला की हताश शेतकरी कधी कधी शेताभोवती वीजवाहिनीवरून थेट प्रवाह घेतलेली तार लावतो. 2017 मध्ये नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा तरुण वाघ अशाच तारेला लागून मेला. त्याचा बाप जय हा नागझिऱ्याहून चालत येऊन उमरेड-कऱ्हांडल्यात राज्य करणारा, देशभर गाजलेला वाघ. 2016 पासून तो बेपत्ता आहे, आजवर सापडला नाही. ज्यांनी वाटा तुडवून एका जंगलाचं रक्त दुसऱ्या जंगलात नेलं, अशाच वाघांना या तारा सगळ्यांत आधी गाठतात. सौर कुंपणाचा झटका जनावराला हाकलतो, मारत नाही. त्याचं अनुदान शेतकऱ्याच्या हाती पेरणीआधी पडणं हे व्याघ्र संवर्धनातलंच काम आहे.

आणि माणसं अडचणच असतात असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं गोंडांची वस्ती असलेलं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाच्या ग्रामसभेला सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाला उत्पन्न मिळू लागलं, तशी कामासाठी बाहेर जाणारी तरुण पोरं परतली. मग ग्रामसभेनेच ठरवलं की तेंदूपानं तोडायची नाहीत, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात. जंगलाचा एक तुकडा त्यांनी हात न लावता राखूनही ठेवला आहे. हे जंगल ताडोबा ते कवल या वाटेच्या मुलखातच येतं. वनखात्याचा एकही जादा रखवालदार न नेमता इथे वाट राखली जाते, कारण ती राखण्यात गावाचं स्वतःचं हित आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने हा रस्ता आधीच दाखवून दिला होता. वाघाच्या वाटेवरच्या प्रत्येक गावाला आपल्या जंगलावर असा हक्क मिळाला, तर कायद्याच्या धाकाने जे होत नाही ते गावाच्या इच्छेने होईल.

शहरातल्या माणसाचा वाटा

हे सगळं जंगलालगतच्या लोकांनी करायचं आणि आपण सुट्टीत सफारीला जायचं, अशी वाटणी न्यायाची नाही. नागपूरकर रोज जे पाणी पितात त्यातलं बरंचसं पेंच नदीवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरीच्या धरणांतून येतं. त्या धरणांभोवती वाघाचं जंगल आहे म्हणून त्यांत गाळ कमी येतो आणि उन्हाळ्यातही ओढे वाहतात. चंद्रपूरच्या वीज केंद्राला पाणी देणारी इरई नदी ताडोबाच्या मुलखातून वाहते. मेळघाटात उगवणाऱ्या सिपना, गडगा, खापरा या नद्या तापीला मिळतात आणि खानदेशची तहान भागवायला हातभार लावतात. ज्यांच्या नळाला हे पाणी येतं त्यांनी या जंगलांचा आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचा भार उचलायला हवा.

तो उचलायचा कसा? नवा महामार्ग, कालवा, रेल्वे किंवा खाण जाहीर झाली की जनसुनावणी होते, पर्यावरण अहवाल लोकांसाठी खुला होतो. त्या वेळी एक प्रश्न विचारता येतो: जनावरांची वाट या नकाशात कुठे दाखवली आहे? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातले 32 प्रमुख भ्रमणमार्ग नोंदवले आहेत, त्यामुळे हा प्रश्न हवेतला नाही, त्याचं उत्तर देणं भाग आहे. वाट दाखवलेली नसेल तर हरकत नोंदवावी, दाखवलेली असेल तर पुलासाठी ठेवलेला पैसा खरंच पुलावर खर्च होतो का ते पाहावं. आपल्या आमदाराला विचारावं की वाघाने मारलेल्या बैलाची भरपाई किती दिवसांत मिळते. सफारीच्या तिकिटातून येणाऱ्या पैशांतला किती हिस्सा बफरमधल्या गावांपर्यंत पोचतो, हेही विचारावं.

दर चार वर्षांनी गणना होते, आकडा जाहीर होतो आणि आपण आनंद मानतो. पुढच्या गणनेच्या वेळी आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी मोजल्या जाव्यात: जंगलांमधल्या किती वाटा उघड्या राहिल्या, आणि त्या वाटांवर किती माणसांचे आणि वाघांचे जीव गेले. पहिला आकडा वाढत असेल आणि दुसरा घटत असेल, तर वाघ वाचतो आहे असं आपल्याला म्हणता येईल. तोवर 444 हा आकडा म्हणजे आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि ती प्रामुख्याने व्याघ्र प्रकल्पांच्या फाटकाबाहेर पार पाडायची आहे.